कर्णा, डग्गा आणि नातवाची गाडी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. गुडघे, पाऊस आणि नातवाची गाडी, तिघांनी मिळून वेळ खाल्ला. गाडी जुनीच घेतली आहे, पण त्याला ती नवीच. माणहून चाकणला रोज जायचं-यायचं, म्हणजे दिवसाचे दोन-तीन तास गाडीतच. गाडी आल्यावर आठवड्यातच फर्मान निघालं, "आजी, बारा इंची दोन सबवूफर आणि हजार वॅटचा अँप बसवणार आहे."

मी साफ नाही म्हटलं. गणपतीत डीजेची भिंत घरासमोरून जाते तेव्हा आमच्या कपाटातली भांडी आपोआप वाजतात. तीच भिंत आता दारात पार्क करायची? हे नेहमीप्रमाणे गप्प होते. गेली आठ-दहा वर्षं ह्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे घरातल्या वादातून ते सोयीस्करपणे सुटतात.

पण नाही म्हटलं तरी विषय डोक्यात राहिला. सगळा जन्म इतिहास शिकवण्यात गेला. कुठलीही नवी वस्तू पाहिली की तिचं मूळ शोधायची खोड काही जात नाही.

आवाज मोठा करायच्या यंत्राशी माझी पहिली ओळख माहेरी झाली, मावळात. १९६० च्या आसपासची गोष्ट. आमच्या वस्तीवर वीज नव्हती. कुणाच्या घरी लग्न असलं की बैलगाडीतून तीन गोष्टी यायच्या: एक पत्र्याचा कर्णा, एक अँप्लिफायरची पेटी आणि एक मोटारीची बॅटरी. कर्णा आंब्याच्या झाडाला बांधायचा आणि बॅटरी लाकडी फळीवर ठेवायची. आम्हा मुलांना तिच्याजवळ फिरकू देत नसत, आत तेजाब असतं म्हणून. म्हणजे बघा, नातू आज मोटारीत अँप बसवतो आहे आणि आमच्याकडे साठ वर्षांपूर्वी अँपसाठी मोटारीची बॅटरी उपसून आणत होते. बॅटरी तेव्हाही बारा व्होल्टची, आजही बाराच व्होल्टची!

त्याही आधी रेडिओ आला होता. पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीने एक मोठा प्रयोग झाला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली, तिथे श्रोत्यांचे गट केले आणि आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीवाडीचा कार्यक्रम ऐकवून त्यावर चर्चा घडवून आणली. या प्रयोगाचा पुढे जगभर अभ्यास झाला. आपल्या पुण्याचं नाव त्यात आहे हे कितीजणांना ठाऊक असेल? एका रेडिओभोवती माणसं बसायची आणि ऐकून झाल्यावर एकमेकांशी बोलायची.

रेडिओ असो की कर्णा, काम एकच होतं, शब्द पोचवणं. भाषण, कीर्तन, दवंडी, लग्नात आहेर कोणी केला त्याचं नाव. (ते नाव चुकलं तर पुढे दहा वर्षं रुसवा.)

१९७३ ला लग्न होऊन मी माणला आले. हे तेव्हा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. सप्त्याला मंडपावर दोन कर्णे लावलेले असत. मी स्वयंपाक करताना घरून ऐकायची. बुवांचा शब्द न् शब्द कळे, टाळ तर कानात शिरत, पण पखवाजाची फक्त उजवी बाजू टकटक यायची. डाव्या बाजूचा घुमारा नाहीच. मला वाटायचं, हे डावा हात हळू मारतात. एकदा तसं बोलूनही दाखवलं, तर दोन दिवस अबोला. पन्नास वर्षांनी कळलं, की दोष ह्यांच्या हाताचा नव्हता, कर्ण्याचा होता.

हे कळलं ते पिंपरीतल्या दुकानात. नातवाने गाडी सजवायचं म्हणून जे दुकान शोधलं, त्याचा मालक निघाला माझाच विद्यार्थी. इतिहासात जेमतेम पास झालेला. "बाई, तुम्ही? आणि सबवूफर?" म्हणून आधी खुर्ची दिली, मग चहा आणि मग तासभर शिकवणी. मी वही काढून लिहून घेतलं.

तो म्हणाला, कर्णा फार कमी विजेत फार लांब ओरडतो, म्हणून तीस वॅटमध्ये गाव जागं व्हायचं. पण खालचे, जाड सूर त्याला झेपत नाहीत. चाळीस हर्ट्झच्या सुराची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. ती कर्ण्यातून नीट फेकायची तर कर्ण्याचं तोंड माणसाच्या उंचीहून मोठं हवं. मग दुसरा मार्ग उरतो तो शंकूच्या पडद्याचा स्पीकर. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन इंजिनियरांनी १९२५ मध्ये तो जगापुढे मांडला. जगातले बहुतेक स्पीकर आजही त्याच जातीचे. मोठा पडदा पुढे-मागे हलवून तो हवा ढकलतो, पण वीज खातो राक्षसासारखी. शंभर वॅट घातले तर आवाज होतो एखाद्-दुसऱ्या वॅटचा, बाकी सगळी उष्णता.

सगळी गोम इथेच आहे. लोकांना शब्द हवा होता तोवर तीस वॅट पुरले. ठोका हवासा वाटायला लागला आणि हजारांची भाषा सुरू झाली.

गाडीतही हेच झालं. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये मोटारीचा रेडिओ काढला, मोटोरोला हे नाव त्यावरूनच. पुढे कॅसेट आली, स्टिरिओही आला. बसणाऱ्याच्या जागेचा, काचांचा, गाद्यांचा विचार करून कारखान्यातच गाडीची ध्वनियंत्रणा बसवायची हे अमर बोस यांनी जनरल मोटर्सबरोबर केलं, १९८३ च्या कॅडिलॅकसाठी. या बोस यांचे वडील बंगालचे क्रांतिकारक, इंग्रजांच्या पोलिसांपासून निसटून १९२० मध्ये अमेरिकेला गेलेले. नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आजी, बोस जर्मन ना?" असो.

आपल्याकडे चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये २०२१ साली बारा स्पीकरांची सोनीची यंत्रणा आली. नातवाच्या जुन्या गाडीत चार स्पीकर आणि एक डबा. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय '५० वॅट × ४'. विद्यार्थी हसून म्हणाला, "बाई, बारा-चौदा व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला खरे वीसेक वॅटच मिळतात. जास्त हवे तर व्होल्टेज वाढवणारा वेगळा अँप लागतो." मला आमचा १९९० च्या दशकातला टू-इन-वन आठवला. त्यावर हजार वॅट 'पीएमपीओ' लिहिलं होतं आणि शेजारच्या खोलीत ऐकू यायची मारामार. त्याने सांगितलं, पीएमपीओ, पीक, मॅक्स हे सगळं विसरायचं. फक्त आरएमएस बघायचा, आणि अँप व सबवूफर दोघांचा आरएमएस आणि ओहम जुळतो का ते पाहायचं. लग्नात पत्रिका बघतात तसं.

मग हिशेब झाला. हजार वॅट खरे हवे असतील तर बॅटरीतून नव्वद अँपिअर ओढले जाणार. जुन्या गाडीचा अल्टरनेटर रडेल. आणि वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो तीनच डेसिबल, जेमतेम जाणवण्याइतका. गाडी बंदिस्त आणि लहान असल्यामुळे जाड सूर आत आपोआप फुगतात. म्हणून तीनशे वॅट आरएमएस आणि दहा इंची एक सबवूफर पुष्कळ झाला. पेटी दोन प्रकारची मिळते. नळी असलेली धडाम वाजते, बंद पेटी कमी वाजते पण ठोका तोडून देते. वायर जाड, शुद्ध तांब्याची, आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. यात पैसे वाचवायचे नाहीत, गाड्या पेटतात त्या इथेच.

नातवाचं तोंड उतरलं होतं. मी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे ऐकलेलं सांगितलं. पंच्याऐंशी डेसिबल आठ तास चालतात, शंभर डेसिबल फक्त पंधरा मिनिटं. तुझे तर रोजचे दोन-तीन तास. आबा कारखान्यात प्रेसवर होते, कानात कधी बोळा घातला नाही. आता त्यांना 'स' आणि 'श' ऐकूच येत नाही, मी 'साखर' म्हटलं तर त्यांना 'आखर' ऐकू येतं. त्याने मुकाट्याने बंद पेटी उचलली.

संध्याकाळी गाडी दारात आली. हे पुढे बसले, मी मागे. नातवाने त्यांच्याच मंडळाची जुनी ध्वनिफीत मोबाइलवर उतरवून घेतली होती, ती लावली. सप्त्याला कुणीतरी मंडपात टेपरेकॉर्डर पखवाजाला खेटून ठेवला होता, तेव्हाची. बुवांचे शब्द ह्यांना कळत नसावेत, चेहऱ्यावर काही नव्हतं. मग पखवाज सुरू झाला. डावी बाजू घुमली आणि ह्यांचा हात गुडघ्यावर गेला. मीही तो घुमारा गाडीत बसून पहिल्यांदाच ऐकला. नातू माझ्याकडे बघून हसला, मी त्याला गप्प राहायची खूण केली.

अभंग संपेपर्यंत हे काही बोलले नाहीत. मग नातवाकडे वळून जरा मोठ्यानेच म्हणाले, "डावी चढी लागलीय. त्या दिवशी कणीक कमी पडली होती."