आखूड दांड्याची कुदळी

कॅलिफोर्नियातील (अमेरिकेची संयुक्त संस्थाने) शेतमजुरांना रोपांची विरळणी व तणनियंत्रण यांसाठी दिले जाणारे एक हत्यार. मजूर त्यास ‘एल कोर्तितो’ (आखूडसा) या स्पॅनिश नावाने ओळखत. दांडा सुमारे ३० सेंमी. वा त्याहून थोडा लांब असे. आपल्याकडे खुरपे बसून चालवितात. येथे मात्र शर्कराकंद व सालीट या पालेभाजीच्या लांबच लांब सऱ्यांतून मजुरास दिवसभर कंबरेत वाकूनच पुढे सरकावे लागे. कित्येकांचा पाठीचा कणा कायमचा अधू होई. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ (१९२७–९३) यांनीही तरुणपणी ही कुदळी चालविली होती व आपल्या पाठदुखीचे मूळ ते या कामात पाहत.

आखूड दांड्यामुळे घाव अचूक बसतो व रोपे दगावत नाहीत, असे मळेवाल्यांचे म्हणणे होते. मजुरांच्या मते खरे कारण निराळे होते : काम थांबवून ताठ उभा राहिलेला मजूर मुकादमाला दुरूनही दिसे.

मजुरांच्या वतीने १९७२ मध्ये राज्याच्या औद्योगिक सुरक्षा विभागाकडे या कुदळीवर बंदी घालण्याची मागणी करण्यात आली. सततच्या वापराने पाठीस इजा होते, अशी साक्ष डॉक्टरांनी दिली. तथापि १९७३ मध्ये विभागाने मागणी फेटाळली. नियमातील ‘असुरक्षित हत्यार’ म्हणजे मोडके वा सदोष हत्यार. कुदळी तर धडधाकट होती! हा अर्थ फार संकुचित आहे, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७५ मध्ये दिला. निर्दोष घडणीचे हत्यारही, ते ज्या रीतीने वापरावे लागते त्यामुळे, असुरक्षित ठरू शकते, हे त्यातील मर्म होय. अर्गॉनॉमिक्स म्हणजे काम व साधने माणसाच्या शरीरास अनुरूप करण्याचे शास्त्र. त्याचे मूळ सूत्रच येथे कायद्याच्या भाषेत मांडले गेले. त्याच वर्षी बंदी अंमलात आली आणि लांब दांड्याच्या कुदळ्यांनीही पिके निघू लागली.

बंदीनंतर काही मळ्यांत मजुरांना कुदळीविना, नुसत्या हातांनी तण उपटावयास लावण्यात येई. वाकणे तेच राहिले. त्यावर राज्याने निर्बंध घातले ते २००४ मध्ये, आणि तेही सेंद्रिय शेती वगळून.