गन बसण्याआधीचे नऊ तास

दुकान कुठलं ते सोडा. जुलै महिन्यात मुंबई-गोवा हमरस्त्यावर ट्रकच्या टायरची जी दुकानं लागतात, त्यांतल्या कुठल्याही दुकानात हा दिवस असाच जाऊ शकतो. बळी जाणार आहे चाकाचे नट खोलणारी एक इंची हवेची गन.

सकाळी ७:३० : नऊ तास बाकी

पोऱ्या शटर वर करतो आणि कॉम्प्रेसर चालू करतो. टाकीच्या पोटाखाली एक कॉक असतो, रोज सकाळी तो उघडून साचलेलं पाणी सोडायचं असतं. पण तिथे चिखल आहे आणि वाकायचं कोण?

हे पाणी येतं कुठून? कोकणातल्या पावसाळ्यात ३० अंशांना, ८५ टक्के दमटपणात, एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. पाच एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण ४५० लिटर हवा ओढतो. ती हवा आठ बारपर्यंत दाबून थंड झाली की बहुतेक वाफेचं पाणी होतं. हिशेब केला तर मशीन चालू राहिलेल्या प्रत्येक तासाला अर्ध्या लिटरहून जास्त! टाकीत जागा उरली नाही की ते पाइपात उतरतं, आणि पाइपाच्या टोकाला गन आहे.

सकाळी ८:१५

भिंतीवर फिल्टर, रेग्युलेटर आणि ऑयलरचा संच लावलेला आहे. ऑयलरची पारदर्शक वाटी कुणीतरी थिनरने धुतली, तेव्हापासून ती धुरकट पडली आहे. आत तेल आहे की नाही ते दिसत नाही. नाहीये. ऑयलर नसला तरी चालतं म्हणा. पाइप लावण्यापूर्वी गनच्या हवेच्या तोंडात एअर टूलच्या पातळ तेलाचे चार-पाच थेंब सोडले की झालं, पुढे दर दोन-तीन तासांनी पुन्हा. खात्री करायची तर एक्झॉस्टपुढे कागद धरावा आणि तेलाचे बारीक ठिपके उमटतात का बघावं. आज कागद कोरा राहिला असता.

सकाळी १०:००

पहिला ट्रक. गन फिरते, फक्त आवाज किंचित चिरका आहे. आतल्या रोटरला खाचा असतात आणि खाचांत पातळ ब्लेड बसवलेले असतात, धातूचे नव्हेत, कापड आणि रेझिन दाबून केलेले. रोटर फिरला की ब्लेड बाहेर फेकले जातात आणि सिलिंडरच्या भिंतीला घासत हवा अडवतात. मिनिटाला हजारो फेरे. या घासण्यात मध्ये असते ती तेलाची झिरझिरीत फिल्म. तीच फट बुजवते, तीच झीज वाचवते. ती नसली की ब्लेड कोरडे घासतात, त्यांची पूड होते आणि पाण्यात कालवून तिचा चिखल होतो.

सकाळी ११:३० : पाच तास बाकी

नट सुटायला वेळ लागतोय. वस्ताद म्हणतात, "हवा वाढव रे." पोऱ्या रेग्युलेटर ९० पीएसआयवरून १२० वर नेतो. गन पुन्हा खणखणीत वाजते आणि सगळे खूश होतात.

माझ्या मते दिवसातली सर्वांत महागडी चूक हीच. गन अशक्त झाली आहे हे सांगणारी एकमेव खूण इथे दाबून टाकली गेली. आता गनच्या आतल्या, नटाला हिसके देणाऱ्या हातोड्याचे ठोके प्रमाणाबाहेर जोरात पडणार आणि कोरडे ब्लेड आणखी वेगाने घासणार. हवा जास्त खर्च होते म्हणून कॉम्प्रेसरला उसंत नाही, तो तापतो. गरम हवा पाणी वाफेच्या रूपातच पुढे नेते आणि ती वाफ थेट पाइपात, गनच्या दाराशी थंडावते.

दुपारी १:००

जेवण. गन ओल्या लादीवर आडवी. ब्लेड पाणी पिऊन फुगतात, सिलिंडरला गंजाचा पहिला हात लागतो.

दुपारी २:४०

शेजारचा गॅरेजवाला सल्ला देतो, "गंज काढायचा स्प्रे मार, मोकळी होईल." होतेही, दहा मिनिटं. तो स्प्रे खाचांतला चिकटा धुतो आणि त्याबरोबर उरलंसुरलं तेलही. तेवढ्यावर गन चालवायची नसते. त्यानंतर कुणीतरी इंजिन ऑइल ओततं. २०डब्ल्यू-४० हे जाड तेल, ब्लेड खाचेतून बाहेर यायलाच कंटाळतात. कोरड्यापेक्षा बरं, एवढंच.

दुपारी ४:००

भरलेला दहा चाकी ट्रक, मागचं आतलं टायर पंक्चर. दहा नट. सहा निघतात. सातव्यावर गन नुसती गुरगुरते, गोटी जागची हलत नाही. वस्ताद ट्रिगर दाबून धरतात, सोडतात, पुन्हा दाबतात, मग गन लाकडी ओंडक्यावर आपटतात.

दुपारी ४:३०

कट्ट. एका ब्लेडचा तुकडा उडून रोटर आणि सिलिंडरच्या मध्ये पाचर होऊन बसला. गन संपली.

चिंता खरी पुढे आहे. उरलेले नट पाना आणि लांब पाइप लावून, त्यावर उभं राहून निघतात; टायर बदलून पुन्हा तसेच आवळले जातात. अशा चाकाच्या नटाला ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. पाइपावर नाचणाऱ्या माणसाने किती दिला ते कुणालाच कळत नाही. टॉर्क पाना दुकानात नाही. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला हवेत, हे ड्रायव्हरला कुणी सांगत नाही. ट्रक घाटाकडे निघतो.

संध्याकाळी ७:००

कारागीर गन उघडतो. तपकिरी लगदा, खाचेत चिकटलेले ब्लेड, हातोड्याच्या घरात ग्रीसऐवजी दुधाळ पाणी. तो सिलिंडरच्या आतून नख फिरवतो, नख अडकतं. म्हणजे नुसते नवे ब्लेड घालून भागणार नाही, त्या ओरखड्यांवर तेही महिन्याभरात झिजतील. सिलिंडर बदला, बेअरिंग बदला.

"हल्ली मालच असा येतो," वस्ताद म्हणतात.

"तेल कुठलं घालता?" कारागीर विचारतो. वस्ताद पोऱ्याकडे बघतात, आणि पोऱ्या कॉम्प्रेसर बंद करायला जातो.