धाव ते ट्यूबलेस: अवजड टायर बदलण्याची कुळकथा

ट्रकचा टायर बदलणे यात दोन वेगळी कामे असतात. गाडी जॅकवर उचलून चाक काढणे आणि दुसरे चाक बसवणे हे पहिले काम. काढलेल्या चाकाच्या रिमवरून टायर उतरवून त्यावर दुसरा चढवणे हे दुसरे. मोटारीच्या बाबतीत दुसरे काम बहुधा दुकानातले यंत्र करते. ट्रकच्या बाबतीत मात्र दोन्ही कामे आजही पुष्कळदा हातानेच होतात. बेंगळुरूत यशवंतपूरच्या देवराज अरस ट्रक टर्मिनलच्या परिसरात, पीण्या औद्योगिक वसाहतीत, कलासिपाळ्यात किंवा पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर नेलमंगलाच्या आसपास हे काम उघड्यावर चाललेले दिसते. ज्यांच्याकडे एखाददुसराच ट्रक आहे असे मालक-चालक ते घरासमोरच्या मोकळ्या जागेतही करतात. त्यासाठी लागणारी टॉमी म्हणजे लोखंडी पहार, घण, जॅक आणि पाना ही हत्यारे साधी आहेत, पण त्यांच्यामागची तंत्रे वेगवेगळ्या काळांतून आली आहेत.

या कुळाचा आपल्याकडचा मूळपुरुष म्हणजे बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव. लाकडी चाक सुतार करी आणि त्यावर धाव लोहार चढवी. धावेचा आतला घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित कमी ठेवत. मग तिच्याभोवती गोवऱ्यांचा जाळ करून ती तापवत. साडेचार मीटर घेराची लोखंडी पट्टी पाचशे अंशांनी तापली की अडीच सेंटीमीटरपेक्षा थोडी अधिक लांब होते. तेवढ्या वाढीत ती चाकावर उतरवायची, घणाने सारखी करायची आणि लगेच पाणी ओतायचे. धाव आवळली की आरे आणि पाटे एकमेकांत घट्ट बसतात. उन्हाळ्यात लाकूड सुकले की धाव सैल होई आणि हे काम पुन्हा करावे लागे. टायर रिमपेक्षा लहान असला तरच तो घट्ट बसतो, पण लहान असेल तर चढवायचा कसा, हा प्रश्न इथेच उभा राहिला. धावेने त्याचे उत्तर उष्णतेने दिले. पुढची सगळी कुळकथा म्हणजे याच प्रश्नाची बदलत गेलेली उत्तरे आहेत.

लोखंडानंतर पाळी रबराची आली. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवण्याची क्रिया सापडली आणि उन्हात चिकट व थंडीत कडक होणारे रबर कामाचे झाले. १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले, पण तेव्हा त्याला गिऱ्हाईक नव्हते. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने साकारली. डनलॉप यांचा टायर रिमला चिकटवलेला असे, त्यामुळे पंक्चर काढणे जिकिरीचे होते. १८८९ मध्ये फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेराँ इथे मिशलँ बंधूंच्या कारखान्यात असा एक टायर दुरुस्तीला आला. तो उतरवून जोडायला तीन तास गेले आणि डिंक वाळायला रात्रभर थांबावे लागले. यातून त्यांनी १८९१ मध्ये सोडवता येणारा टायर आणला. टायर बदलणे ही गाडीवाल्याने वाटेत स्वतः करायची गोष्ट झाली ती इथपासून. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार चालवली. त्या एका फेरीत त्यांना बावीस ट्यूब लागल्या.

दरम्यान १८९० मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी मूळ प्रश्नाचे नवे उत्तर शोधले होते. त्यांनी टायरच्या काठात न ताणली जाणारी तार घातली आणि रिमच्या मधोमध खोलगट चर ठेवली. टायरचा काठ एका बाजूला चरीत ढकलला की समोरच्या बाजूला ढील मिळते आणि तिथून तो रिमच्या कडेवरून उचलून आत घालता येतो. हवा भरली की दोन्ही काठ चरीतून वर सरकून आपापल्या जागी घट्ट बसतात. आता विस्तवाची गरज राहिली नाही, कारण ढील रिमच्या आकारातूनच मिळू लागली. सायकल, स्कूटर आणि मोटार यांची चाके आजही याच तत्त्वावर चालतात.

ट्रकला मात्र ही युक्ती लगेच लागू पडली नाही. सुरुवातीचे ट्रक भरीव रबराच्या टायरांवर चालत. पोलादी पट्ट्यावर बसवलेले ते टायर मोठ्या दाबयंत्राने चाकावर ठासून बसवावे लागत, त्यामुळे ते फक्त कार्यशाळेतच बदलता येत. १९१७ मध्ये गुडइयर कंपनीने ‘विंगफूट एक्सप्रेस’ नावाचा ट्रक हवेच्या टायरांवर एक्रनहून बॉस्टनला नेला. वाटेत टायर पुन्हा पुन्हा फुटले, पण अवजड माल हवेवर वाहता येतो हे सिद्ध झाले. आता ट्रकचा टायरही रस्त्यावर बदलावा लागणार होता. अनेक पदरी सुती आणि पुढे नायलॉनच्या दोऱ्यांच्या त्या जाड टायरचा काठ इतका ताठ असे की चरीतून मिळणाऱ्या ढिलीवर तो माणसाच्या हाताने वाकत नसे.

म्हणून ट्रकसाठी रिमच तुकड्यांची केली गेली. सपाट तळाच्या रिमला एकाच बाजूला पक्की कड ठेवली. दुसऱ्या बाजूची कड म्हणजे सुटी रिंग, आणि तिला जागेवर धरणारी एका ठिकाणी कापलेली लॉक रिंग. हवा पूर्ण काढून टॉमी आणि घणाने टायरचा काठ रिमपासून सोडवायचा, रिंग आत दाबून लॉक रिंगचे एक टोक टॉमीने उचलायचे आणि तिथून ती गोलाकार बाहेर काढत न्यायची. मग टायर, त्यातली ट्यूब आणि ट्यूबला रिमच्या घर्षणापासून वाचवणारा रबरी पट्टा म्हणजे फ्लॅप, हे सगळे रिमवरून सरळ निघून येते. बसवताना हाच क्रम उलटा. १०.००-२० या मापाचा, म्हणजे सुमारे दहा इंच रुंदीचा आणि वीस इंची रिमवर बसणारा टायर भारतीय ट्रकांवर कित्येक दशके चालला तो याच रिमवर. रिम, ट्यूब आणि फ्लॅपसह त्याचे वजन शंभर किलोच्या आसपास जाते. जाणकार माणूस ते उचलत नाही. तो चाक उभे करून लोळवतो आणि खाली टॉमी घालून तरफेने स्टडवर चढवतो.

चाक काढण्याच्या कामाची वंशावळ वेगळी आहे. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांनी १८५१ मध्ये त्याच तत्त्वावर हातात नेता येईल असा जॅक केला. आज ट्रकखाली दिसणारा बाटलीसारखा जॅक त्याचाच वंशज. भारतात २०१८ मध्ये चार टायरांच्या अक्षावरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. म्हणजे भरलेल्या ट्रकच्या मागच्या अक्षाची एक बाजू उचलायला सहा टनांच्या आसपास जोर लागतो. मोटारीचा जॅक इथे निरुपयोगीच नव्हे, तर घातक ठरतो. चाकाचे नट आवळायला मोठ्या ट्रकवर सुमारे सहाशे न्यूटन-मीटर जोर लागतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर साठ किलोचा माणूस उभा राहिला की साधारण तेवढा जोर मिळतो. पान्याला पाइप घालून त्यावर उभे राहण्याची चालकांची रीत या हिशेबातूनच आली आहे. अलीकडे गिअर असलेला पाना मिळतो, त्यामुळे एकटा माणूसही गंजलेले नट सोडवू शकतो. जुन्या ब्रिटिश घडणीच्या ट्रकांत डाव्या चाकांच्या स्टडचे आटे उलटे असत, जेणेकरून चाक फिरताना नट सैल होऊ नयेत. अशा गाडीवर कोणत्या बाजूला पाना कसा फिरवायचा हे आधी पाहावे लागते.

जादा चाकाची, म्हणजे स्टेपनीची, जन्मकथा १९०४ मधली आहे. तेव्हाच्या मोटारींची चाके सहज निघत नसत. वेल्समधल्या लानेल्ली गावी स्टेपनी स्ट्रीटवर दुकान असलेल्या डेव्हिस बंधूंनी आरे नसलेली, हवा भरलेला टायर असलेली रिम तयार केली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून जखडायची आणि पुढे निघायचे. पुढे सबंध चाकच नटांवर निघू लागले आणि ही युक्ती मागे पडली, पण नाव भारतात राहिले. स्टेपनीमुळे दोन कामांची फारकत झाली. वाटेत फक्त चाक बदलायचे, टायर नंतर दुकानात किंवा घरी.

भारतात टायरांचे उत्पादन वाढले तसे हे कौशल्यही पसरले. डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंज इथे सुरू झाला. सिएट १९५८ मध्ये मुंबईत आली. कर्नाटकात म्हैसूरला विक्रांत टायर्स उभी राहिली. ती १९९७ मध्ये जेके टायरकडे गेली. केरळात पेरियार नदीकाठी थट्टेकाड इथे १९०२ पासून व्यापारी रबर लागवड होत होती. त्याच केरळातून आलेल्या कारागिरांनी कर्नाटकात आणि महाराष्ट्रात महामार्गांवर पंक्चरची दुकाने थाटली. हे ज्ञान पुस्तकातून नव्हे, हाताखाली काम करून पुढे गेले. हवेचे टायर बैलगाडीपर्यंतही पोचले. बेंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला. बैलांना होणारे कष्ट आणि रस्त्याची झीज कमी व्हावी यासाठी त्यांनी हवेच्या टायरांचा आग्रह धरला. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातली टायरगाडी याच बदलाची साक्ष देते. धावेच्या घरातच तिचा वंशज नांदू लागला.

तुकड्यांच्या रिमने श्रम वाचवले, पण एक मोठा धोका आणला. ट्रकच्या टायरमध्ये सात बार किंवा त्याहून अधिक दाबाने हवा असते. सुमारे १०५ सेंटीमीटर व्यासाच्या टायरच्या एका बाजूच्या भिंतीवर त्या दाबाचा एकूण जोर चाळीस टनांच्या पुढे जातो आणि त्यातला मोठा वाटा सुट्या रिंगवर येतो. लॉक रिंग वाकलेली, गंजलेली किंवा खाचेत अर्धवट बसलेली असेल, तर हवा भरताना ती तोफगोळ्यासारखी सुटते. समोर असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. अमेरिकेत अशा अपघातांमुळे १९८० मध्ये तुकड्यांच्या रिमसाठी सरकारी नियम झाले. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात असावे, माणूस रिंगच्या मार्गात नसावा, नळी लांब असावी आणि वेगवेगळ्या रिमचे भाग एकत्र वापरू नयेत. १९८४ मध्ये अखंड रिमसाठीही तसे नियम जोडले गेले. आपल्या रस्त्याकडेला पिंजरा क्वचितच दिसतो. पुष्कळ ठिकाणी रिंग जमिनीकडे करून किंवा साखळी गुंडाळून हवा भरतात. हे काहीच न करण्यापेक्षा बरे, पण पिंजऱ्याची बरोबरी करत नाही.

या धोक्यावरचे उत्तर वेल्च यांच्या जुन्या चरीतूनच आले. अमेरिकेत गुडरिच कंपनीने १९४७ मध्ये ट्यूबलेस टायर जाहीर केला. मिशलँने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल रचनेमुळे टायरची भिंत पातळ आणि लवचिक झाली. साडेबावीस इंची ट्यूबलेस रिम अखंड असते. तिला सुटी रिंग नाही, लॉक नाही, ट्यूब नाही, फ्लॅपही नाही. मधल्या चरीत काठ ढकलून लांब टॉमीने टायर चढवता येतो. भारतात जेके टायरने पहिला रेडियल १९७७ मध्ये काढला. ट्रकांवर रेडियल रुजले ते मात्र या शतकात. बेंगळुरूजवळच्या होसकोट्यात १९९८ मध्ये व्होल्वोचा कारखाना सुरू झाल्यावर दक्षिणेतल्या रस्त्यांवर नव्या घडणीचे अवजड ट्रक दिसू लागले. ट्यूबलेसमध्ये लहान छिद्र चाक न काढताही बुजवता येते. मात्र नवा टायर बसवताना काठ रिमला टेकवण्यासाठी एकदम जोरात हवा सोडावी लागते. त्यासाठी पेट्रोल किंवा ज्वालाग्राही फवारा पेटवण्याची पद्धत स्फोटाला आमंत्रण देते.

घरी हे काम करायचे तर त्याची मर्यादा या इतिहासावरून ठरते. चाक बदलणे घरी करता येते. जमीन सपाट व घट्ट हवी, इतर चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे, हातब्रेक ओढायचा, नट आधी अर्धवट सैल करून मग गाडी उचलायची आणि जॅकशिवाय दुसरा आधार दिल्याखेरीज गाडीखाली जायचे नाही. मागच्या जोडचाकातले बाहेरचे चाक काढायचे तर आतले चाक जाड फळीवर चढवले की पुरते. नट समोरासमोरचे पाळीपाळीने आवळायचे आणि पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासायचे. मात्र नट सैल करण्याआधीच, विशेषतः जोडचाकात, वॉल्व्हमधली सुई काढून हवा पूर्ण सोडायची, कारण तडा गेलेली रिम नट सैल होताच फुटू शकते.

रिमवरून टायर उतरवणे हाताला सवय असेल तर घरी होते. लॉक रिंगच्या चाकात हवा भरणे मात्र पिंजऱ्याशिवाय घरी करू नये. टायर रिमवर बसवून, हवा न भरता, पिंजरा असलेल्या दुकानात न्यावा. तिथे लागणारी थोडी मजुरी आणि अर्धा तास हे या कामातले सर्वांत योग्य खर्च आहेत.