सशाने दिलेली साक्ष

श्रोतेहो, कामगार चळवळीतल्या माणसाने रसायनशास्त्राच्या इतिहासावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. माझे शास्त्राचे ज्ञान वाचनालयाच्या बाकावर मिळवलेले आहे. परंतु काम करतो आणि हजेरीपटावर नाव नाही, असा माणूस हुडकून काढण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि आजची हकीकत तसल्याच एका कामकऱ्याची आहे.

माणसाच्या मूत्रपिंडांत दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. बाहेर पडते ते दीड-दोन लिटर. बाकीचे रक्तात परत जाते. पेशीचे आवरण तर स्निग्ध द्रव्याचे! त्यातून पाणी थोडेफार झिरपते हे खरे. पण काही पेशींतून ते इतक्या झपाट्याने जाई की, तेथे खास वाट असली पाहिजे असा शास्त्रज्ञांना संशय होता. पाऱ्याची संयुगे घातली की हा ओघ मंदावे. रुमानियातील क्लुज येथे गेओर्गे बेंगा यांनी १९८६ साली किरणोत्सर्गी पारा वापरून तांबड्या रक्तपेशीच्या आवरणातील कोणत्या प्रथिनांपाशी ही वाट असावी, ते दाखवले. वस्ती सापडली, घर सापडायचे होते.

इकडे अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, पीटर आग्रे पाण्याच्या मागे नव्हतेच. त्यांना आर-एच रक्तगटाचे प्रथिन हवे होते. ते शुद्ध करून त्यांनी सशांना टोचले, म्हणजे सशाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार व्हावेत. प्रतिपिंड तयार झाले, पण ते चिकटू लागले भलत्याच, २८ हजार वजनाच्या प्रथिनाला. हा मूळ प्रथिनाचाच तुकडा असेल, असे आधी वाटले. तो तुकडा नव्हता. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या निळ्या रंगाने हे प्रथिन रंगतच नसे, म्हणून आजवर कोणाच्या डोळ्यांत भरले नव्हते. आणि एकेका रक्तपेशीत त्याची संख्या सुमारे २ लाख!

मग या प्रतिपिंडालाच साक्षीला बोलावले. रीत साधी आहे. ऊतीचा पातळ काप काचेवर घेऊन त्यावर प्रतिपिंड सोडायचा. आपले प्रथिन असेल तेथे तो चिकटतो, आणि मागून घातलेल्या रंगद्रव्याने ती जागा उमटते. (साक्षीदार चुकीच्या माणसाकडेही बोट दाखवतो, हे आपण आताच पाहिले, तेव्हा त्याची उलटतपासणी हवीच.) १९८८ साली मानवी मूत्रपिंडाच्या कापात खूण उमटली ती नेमकी जेथे बहुतेक पाणी परत शोषले जाते, त्या आरंभीच्या नलिकांत. रक्तपेशी आणि या नलिका, दोन्ही पाण्याला मोकळ्या. आग्रे यांचे जुने गुरू जॉन पार्कर यांनी सुचवले, हीच ती पाण्याची वाट नसेल ना?

१९९२ साली बेडकाच्या अंड्यांत या प्रथिनाची आज्ञा टोचून ती सौम्य द्रावणात सोडली. काही मिनिटांत अंडी फुगून फुटली. साधी अंडी जशीच्या तशी राहिली. पुढे या प्रथिनाला ॲक्वापोरिन हे नाव मिळाले.

२००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक आग्रे आणि रॉडरिक मॅकिनन यांना विभागून दिले गेले. मॅकिनन यांचे काम क्षारांच्या वाटांवरचे. बेंगा यांचे नाव त्यात नव्हते, आणि त्यावरून वाद झाला. मी कोणाच्या बाजूचा, हे आपण ओळखले असेल. पण तसे नाही. प्रथिन हाती धरून त्याच्याकडून काम करवून दाखवले ते बाल्टिमोरच्या मंडळींनी, हे मान्यच केले पाहिजे. मात्र क्लुजचे काम आधीचे होते, आणि या शोधाचा इतिहास सांगताना ती १९८६ची नोंद गाळणे मला मंजूर नाही.