गळलेल्या पानांचा चित्रकार



आपल्या इंदूरच्या मराठी घरांत होळकरशाहीचा इतिहास लहानपणापासून कानांवर पडतो. त्यामानाने १९२७ साली द. दा. देवळालीकरांनी येथे उभ्या केलेल्या चित्रकला शाळेबद्दल आपण फारसे बोलत नाही. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर ही नावे या एकाच शाळेच्या परिसरात वाढली. चार भिंतींबाहेर जाऊन माळव्याचे ऊन रंगांत पकडायचे, हा त्या परंपरेचा संस्कार.

बेंद्रे ते ऊन घेऊन दूर गेले. १९५० पासून त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकलेच्या पिढ्या घडवल्या. पुढे पद्मभूषण झाले. त्यांची चित्रे आज संग्रहालयांत सुरक्षित आहेत.

त्याच्या उलट वाट कुमार गंधर्वांची. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा हा गायक क्षयाने आजारी होऊन १९४८ च्या सुमारास कोरड्या हवेसाठी देवासला आला. आजार हटला तो स्ट्रेप्टोमायसिनने. मी होमिओपॅथ असलो तरी हे मान्य केलेच पाहिजे. परंतु गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत अंथरुणावरून ऐकलेल्या माळवी लोकगीतांनी त्यांच्या गाण्याला नवी मुळे दिली. पुढे वर्षा, हेमंत, वसंत असे ऋतूच त्यांनी मैफलींचे विषय केले.

कुमारांचे स्नेही चिंचाळकर गुरुजी (१९१७–२०००) मात्र इथेच राहिले. व्यक्तिचित्रणात त्यांचा हात तयार होता. त्या वाटेने नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते. त्यांनी ती वाट सोडली आणि वाळकी पाने, साली, मुळ्या, बिया, काटक्या हाती घेतल्या. वस्तू फिरवून फिरवून पाहायची. तिच्यातला पक्षी किंवा चेहरा दिसला की हात आवरायचा. चित्र निसर्गाने आधीच काढलेले आहे, आपण फक्त पाहायचे, अशी त्यांची धारणा होती.

आमच्या जैन परंपरेत षट्लेश्यांचा दृष्टान्त आहे. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. एक झाड मुळासकट तोडू म्हणतो, दुसरा खोड, तिसरा फांद्या, चौथा घोस, पाचवा फक्त पिकलेली फळे. सहावा म्हणतो, खाली पडलेली पुरे आहेत. त्याची शुक्ललेश्या. गुरुजींचे काम पाहताना मला नेहमी तो सहावा वाटसरू आठवतो.

त्यांचे पाहून मीही तरुणपणी साली-बियांचा एक खोका जमवला होता. घर बदलताना मीच तो केर म्हणून टाकला. खोका क्षुल्लक होता. पण आपण काय केर म्हणतो आणि काय ठेवा, हे तेव्हा मला कळले.

कॅनव्हास शतकभर टिकतो, वाळके पान टिकत नाही. म्हणून एकच विनंती करतो. ज्यांच्या घरी गुरुजींच्या हातची एखादी काटकी वा साल असेल, त्यांनी तिचे छायाचित्र काढावे आणि ती कधी, कशी मिळाली हे चार ओळींत लिहून ठेवावे. उद्याच्या इतिहासकाराच्या हाती तेवढेच लागणार आहे.