ओट्यावरची गणिताची शाळा

शाळेच्या चार भिंतींबाहेर मुलांस गणित शिकविण्याची गोष्ट निघाली, म्हणजे ती एखादी नवी युक्ति आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु महाराष्ट्रांत ही रीत जुनीच आहे. दिवेलागणीच्या वेळीं घरांतील वडीलधारी मंडळी मुलांकडून पाढे म्हणवून घेत. ते केवळ पूर्णांकांचेच नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी असे पावापासून साडेतिनापर्यंतच्या अपूर्णांकांचे पाढेहि त्यांत येत.

ह्या पाठांतराचें कारण बाजारांत होतें. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. मणाचे ४० शेर, शेराचे ४ पावशेर. सहा आणे शेर ह्या दरानें साडेतीन शेर जिन्नस घेतला, तर "सहा औट एकवीस" म्हणतांच हिशेब झाला: १ रुपया ५ आणे! त्यास ना कागद लागे, ना लेखणी. म्हणूनच अक्षरओळख नसलेली आजीहि नातवंडांची गणिताची गुरु होऊं शके.

१ एप्रिल १९५७ रोजीं भारतांत दशमान नाणीं आलीं व रुपयाचे १०० नवे पैसे झाले. वजनमापांचा कायदा १९५६ सालीं झाला व पुढें शेराची जागा किलोनें घेतली. ह्या सुधारणेनें लेखी हिशेब सुलभ झाला, ह्यांत शंका नाहीं. मात्र औटकी अडगळींत पडली आणि तिच्या मागोमाग ओट्यावरची शाळाहि ओस पडत गेली. ही दुसरी हानि आम्हांस अधिक मोठी वाटते.

कारण माप बदललें, तरी पाव, दीड व अडीच कोठें गेले आहेत? चाळीस रुपये किलोची भाजी अडीच किलो घेतली, तर शंभर रुपये झाले, हें मुलानें तोंडीं सांगावें. यंत्राची कळ दाबून उत्तर मिळतें खरें. पण कळ चुकली हें ओळखण्यास मनांत अंदाज असावा लागतो, आणि तो अशाच सरावानें येतो.

"औट घटकेचें राज्य" असें आपण सहज म्हणतों. घटका २४ मिनिटांची. तर हें राज्य टिकलें किती? चोवीस औट चौऱ्यायशी मिनिटें! एका प्रश्नांत भाषा व गणित दोन्हीं साधलीं.

पूर्वजांचें स्मरण करण्याच्या ह्या प्रसंगीं पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, रोज दहा मिनिटें हा ओटा पुन्हा जागता ठेवावा.