क्षणभर हललेली सुई
विद्युतप्रवाहामुळे चुंबकत्व निर्माण होते, हे शास्त्रज्ञ अर्स्टेडने १८२० मध्ये दाखवले. उलट चुंबकापासून वीज मिळायला मात्र आणखी अकरा वर्षे गेली. उपकरणे होती, आड आली ती अपेक्षा: स्थिर चुंबकाने अखंड प्रवाह द्यावा, असे बहुतेकांनी धरून ठेवले होते. जिनिव्हाच्या कोलादोंने १८२५ मध्ये तारेच्या वेटोळ्यात चुंबक सरकवला, पण चुंबकाचा थेट परिणाम टाळायला सुईने प्रवाह दाखवणारा गॅल्व्हानोमीटर शेजारच्या खोलीत ठेवला. कोलादों तिथे पोहोचेपर्यंत सुई जागेवर आलेली असे. याला निव्वळ दुर्दैव म्हणतात, ते पटत नाही. प्रवाह आपली वाट पाहत थांबेल, असे गृहीत धरल्याशिवाय ही मांडणी कोण करील? शेवटी यश मिळवणाऱ्या फॅरेडेचेही आधीचे प्रयत्न फसलेच होते. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावरच्या एका वेटोळ्याची बॅटरी जोडताना-तोडताना दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेली सुई तेवढ्यापुरती हलली, आणि त्याने त्या झटक्यालाच महत्त्व दिले. १७ ऑक्टोबरला नुसता चुंबक वेटोळ्याच्या आत-बाहेर करूनही सुई हललीच.